रेषेतली गाठ

बोरसे मॅडम म्हणाल्या, मोबाइल उघड्यावर धरा,
चार उपग्रह भेटेपर्यंत पाऊल उचलू नका.
आम्ही अकरा जण पांझरेच्या काठावर,
जानेवारीच्या दवात गुडघ्यापर्यंत ओले,
हात पुढे करून उभे,
जसं कुणी तळहातावर काही ठेवणार आहे.

धुडकू आबा निंबाखाली बिडी शिलगावत बघत होता.
"झाडना खाले भेटत नही का तुमना उपग्रह?"
नाही भेटत, आबा.
"मंग त्यासले सांगा, सावली फुकट शे."

आबा पाटकरी.
बंधाऱ्यापासून शेवटच्या थळापर्यंत पाणी न्यायचं,
कुणाच्या बांधाशी किती वेळ थांबवायचं,
हे त्याचं काम.
आमचं काम त्याच्या मागे चालायचं.
रिहाना तडवीच्या हातात फॉर्म होता:
प्रकार निवडा. रस्ता, विहीर, कालवा, इतर.
पाट कालव्यात बसला, चारीही बसली कशीबशी.
पण मोरीजवळचा तो चपटा दगड,
पाणी डोक्यावरून गेलं तर वरच्या फडाची पाळी,
बगलेतून गेलं तर खालच्या,
तो "इतर" झाला.
दुपारपर्यंत आणखी सतरा गोष्टी "इतर" झाल्या.

नावाच्या रकान्यात अक्षरं मावायची पंधरा,
काना-मात्रा धरून.
आबानं सांगितलं: सुकीबाईनी म्हैस फसनी ती चारी.
पडद्यावर उरलं: सुकीबाईनी म्हैस.
लोटन हसला, मग आम्ही सगळेच.
म्हैस निघाली का शेवटी, कुणी विचारलं.
"निंघनी. शिंग तेवढं मोडनं,"
आबा म्हणाला, आणि गव्हातून पुढे गेला.
शिंगासाठी रकाना नव्हता.

माझ्या फोनमध्ये मी चाललेली वाट
निळ्या रेषेनं उमटत होती.
रेषा खरं बोलते.
कुत्रं अंगावर आलं तिथे ती बांधावरून उसात घुसली,
हर्षलची चप्पल चिखलात राहिली तिथे मागे वळली.
आणि आबाच्या झोपडीपाशी,
जिथे आम्ही कोऱ्या चहासाठी टेकलो,
पाऊण तास,
तिथे रेषेची गाठ झाली.
मी जागची हलले नव्हते.
उपग्रहच मला हलवत होते,
चार मीटर इकडे, तीन तिकडे,
चुलीत, गोठ्यात, एकदा तर पाटाच्या मधोमध.
विंचरल्यावर फणीत निघणाऱ्या गुंत्यासारखी
ती निळी गाठ.

धुळ्याला लॅबमध्ये मॅडम म्हणाल्या,
ही घाण काढून टाका.
मी उसातलं वळण पुसलं.
चपलेचं पुसलं.
गाठीवर माऊस नेला, निवडली, पिवळी झाली,
आणि तेवढ्यात लाइट गेली.
परत आली तेव्हा मॅडम दुसऱ्या टेबलाशी होत्या.
मी नकाशा तसाच जतन केला.
लाइटवर ढकलता आलं असतं.
ढकललं नाही.

फेब्रुवारीत छापील कागद घेऊन गेलो,
हातभर रुंद, उत्तर वर, बाण, मापपट्टी,
कोपऱ्यात आमची अकरा नावं.
आबानं तो मांडीवर घेतला,
बराच वेळ काही बोलला नाही,
मग कागद फिरवला.
बंधारा आला डोक्याशी, शेवटचं थळ पायाशी.
"आते वाचता येस," तो म्हणाला.
"पानी वरथून येस ना."

आमची नावं आडवी झाली.
मान वाकडी करून आम्हीही बघू लागलो,
आणि पाट पहिल्यांदा उतरताना दिसला.

त्याचं बोट पाटावरून हळूहळू खाली आलं,
दगडापाशी थांबलं,
म्हशीपाशी थांबलं,
आणि निळ्या गाठीवर टेकलं.
मॅडम माझ्याकडे बघत होत्या.
"आठे बठनूत ना आपुन?"
हो आबा.
"चहाले साखर कमी पडनी व्हती त्या दिन."

उत्तरेचा बाण आता त्याच्या उजव्या हाताला होता.
तिथे फावडं टेकवलेलं.
तीन वाजता खालच्या फडाची पाळी होती,
तो उठला.